चुना, रंग आणि सायक्लोस्टाइल

रविवार

भाचीने डिस्नेलँड, हॉलिवूड, समुद्रकिनारे अशी भलीमोठी यादी करून ठेवली होती. मी तिला आधीच कळवलं होतं की मला एकच ठिकाण नीट बघायचं आहे, ते म्हणजे यूसीएलए विद्यापीठातलं चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांच्या, अभ्यासाचं संशोधन केंद्र. "मामा, लायब्ररीत बसायला कुणी अमेरिकेत येतं का?" असं तिने फोनवर विचारलंही. मी येतो. पुण्यात माझी नोकरी अनियतकालिकांच्या नोंदी करण्यात गेली. गंजलेल्या पिना, पुसट झालेली सायक्लोस्टाइलची शाई, वर्गणी भरा म्हणून संपादकांनी केलेल्या विनवण्या, हा माझा रोजचा संसार. मुंबईत साठोत्तरी मंडळी असले अंक काढत होती, त्याच वर्षांत इथे लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाची पोरंही तेच उद्योग करत होती. ते कागद बघायचे होते. ऑक्टोबरात केंद्रात व्याख्यान, चर्चा, जुन्या छायाचित्रांचा एक कार्यक्रम असं बरंच काही होतं, तो मुहूर्त साधला.

केंद्र रविवारी बंद. म्हणून ओल्वेरा स्ट्रीट. युनियन स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ही गल्ली. कातडी चपला, रंगीत गिटारी, चुरोसचा तळण्याचा वास. १९३० मध्ये पर्यटकांसाठी मुद्दाम सजवलेला हा 'मेक्सिकन' बाजार आहे, आणि तो तसाच दिसतो. मी गेलो होतो ते वरच्या मजल्यावरच्या भिंतीसाठी.

दाविद आल्फारो सिकेरोस हा मेक्सिकोचा कम्युनिस्ट चित्रकार १९३२ मध्ये काही महिने या शहरात होता. इटालियन हॉल नावाच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, ८० फूट लांब आणि १८ फूट उंच भिंतीवर 'उष्णकटिबंधातली अमेरिका' काढून दे असं त्याला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे केळी, पोपट आणि हसऱ्या बायका असणार. त्याने सिमेंटवर स्प्रे गनने जंगल काढलं, मोडलेलं देवालय काढलं, आणि मधली जागा रिकामी ठेवली. अनावरणाच्या आदल्या रात्री मदतनिसांना घरी पाठवून ती जागा भरली, असं सांगतात. सकाळी लोकांनी बघितलं तर दुहेरी क्रूसावर बांधलेला एक आदिवासी आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला अमेरिकन गरुड! रस्त्यावरून दिसणाऱ्या भागावर लवकरच पांढरा रंग फासला गेला, काही वर्षांत उरलेल्या भागावरही. सिकेरोसला व्हिसा वाढवून मिळाला नाही.

आता तिथे गच्चीवर एक मचाण बांधलं आहे. गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनी चित्र साफ करून पक्कं केलं, पण पुन्हा रंगवलं नाही, आणि हा निर्णय मला पटला. रंग जवळजवळ गेलेत. ऑक्टोबरच्या उन्हात डोळे बारीक करून बघावं लागतं, मग हळूहळू पाय दिसतात, कमरेचं वस्त्र दिसतं, गरुडाची चोच दिसते. ९ ऑक्टोबर १९३२ ला उघडलेलं हे चित्र बरोबर ८० वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०१२ ला, लोकांसाठी परत खुलं झालं. मधल्या काळात, साठच्या दशकाच्या शेवटाकडे, पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटू लागले आणि खालची आकृती आपणहून डोकवायला लागली. नेमकी तीच वर्षं चिकानो चळवळीची. कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर फारच जुळवून आणलंय म्हणून मी नाक मुरडलं असतं.

खालच्या चौकात भाचीला आणखी एक गोष्ट सांगितली. २६ फेब्रुवारी १९३१ ला याच चौकाचे रस्ते अडवून पोलिसांनी सुमारे ४०० लोकांना घेरलं आणि कागदपत्रं मागितली. मंदीत नोकऱ्या नव्हत्या, तेव्हा मेक्सिकन वंशाच्या लोकांना गाड्या भरभरून सीमेपलीकडे पाठवलं जात होतं, त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल माफी मागितली ती २००५ मध्ये. भाची या शहरात इतकी वर्षं राहते, व्हिसाच्या रांगांचा तिला चांगलाच अनुभव आहे. ती काही बोलली नाही, पण परत वर जाऊन तिने ती भिंत पुन्हा एकदा बघितली.

मेक्सिकन भित्तिचित्रांचा विषय निघाल्यावर मराठी माणसाने पांडुरंग खानखोज्यांचं नाव घेतलंच पाहिजे. वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. मेक्सिकोत शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना पंगतीच्या मुख्य जागी, भाकरी मोडताना बसवलं. ते बघायला मात्र सीमा ओलांडायला हवी. पुढच्या वेळी.

सोमवार

विल्शायर रस्त्यावरची बस, मग वेस्टवुडपासून चढण. यूसीएलएचा जुना चौक लाल विटांचा, कमानींचा, १९२९ च्या सुमाराचा. इटलीतल्या चर्चवरून उचललेली धाटणी. हेन्स हॉल त्याच चौकात, आणि त्याच्या तळमजल्यावर केंद्राचं ग्रंथालय. बाहेरच्या भव्यतेच्या मानाने आतली खोली अगदी साधी. मला तर आपल्या घरी आल्यासारखं वाटलं: टेबलं, करड्या रंगाची आम्लरहित पुठ्ठ्याची खोकी, पेन पिशवीत ठेवा आणि पेन्सिलच वापरा ही सूचना.

हे केंद्र विद्यापीठाला अचानक सुचलेलं नाही. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. वर्गात स्पॅनिश बोललं की शिक्षा, मेक्सिकन पोरांना कॉलेजऐवजी सुतारकाम-शिवणकामाकडे ढकलायचं, पुस्तकांत त्यांच्या इतिहासाचं एक पान नाही. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो मुलांबरोबर होते, पुढे तेरा जणांवर कटाचे खटले भरले गेले त्यांत तेही होते. वर्षभरात, १९६९ मध्ये, सांता बार्बराला विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि विद्यापीठांनी काय करायला हवं त्याचा आराखडाच त्यांनी लिहून काढला. त्याच वर्षी यूसीएलएत चार केंद्रं निघाली: कृष्णवर्णीयांचं, आशियाई अमेरिकनांचं, मूळनिवासींचं आणि हे. १९७० पासून 'अस्त्लान' हे त्यांचं संशोधन-नियतकालिक. स्वतंत्र शिक्षण विभागासाठी मात्र १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना चौदा दिवस उपोषण करावं लागलं. विद्यापीठं मागितल्याशिवाय काही देत नाहीत, हे काय फक्त तिकडचं आहे?

दुपारभर गाणी ऐकली. ख्रिस स्ट्रॅकविट्झ नावाच्या जर्मनीतून आलेल्या एका गृहस्थाने आयुष्यभर सीमाभागातल्या मेक्सिकन संगीताच्या तबकड्या जमवल्या, लाखाहून जास्त ध्वनिमुद्रणं. ती या केंद्राने डिजिटल केली. बाहेरून ऐकायला गेलं तर हक्कांच्या भानगडीमुळे तुकडाच ऐकू येतो, आवारात बसलं की पूर्ण गाणं. मी कोरिदो, म्हणजे घडलेली गोष्ट सांगणारी मेक्सिकन कथागीतं, मागितली. गायक आधी वार, तारीख, गाव सांगतो. मग घोडा, बंदूक, टेक्सासचे रेंजर, दगा. शेवटी श्रोत्यांचा निरोप घेतो. आपल्या शाहिराने पोवाड्याच्या शेवटच्या चौकात स्वतःचं नाव गुंफावं, तसाच थाट. १९०१ मध्ये टेक्सासात शेरीफला मारून शेकडो मैल पळालेल्या ग्रेगोरियो कोर्तेसचा कोरिदो मी तीन वेगवेगळ्या गायकांचा ऐकला. आमेरिको पारेदेस यांनी याच एका गाण्यावर प्रबंध लिहिला, तो १९५८ मध्ये छापला गेला, आणि वर्तमानपत्रांतला दरोडेखोर लोकांच्या गळ्यात नायक कसा झाला हे विद्वानांना पहिल्यांदा कागदावर दिसलं. चिकानो अभ्यासाचं नाव निघायच्या आधीचं हे काम.

मंगळवार

व्याख्यान. बोलणारी तरुण प्राध्यापिका हुशार होती, पण पहिली वीस मिनिटं सिद्धांताची इतकी जाड गोधडी अंगावर घेतली की विषय दिसेना. हा रोग आपल्या चर्चासत्रांतही आहे, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. मग तिने एक छायाचित्र पडद्यावर टाकलं आणि सभागृह ताठ बसलं.

१९७२. लॉस एंजेलिस काउंटी कला संग्रहालय. 'आस्को' नावाचा चौघांचा गट होता: हॅरी गाम्बोआ, ग्रॉन्क, विली हेरॉन आणि पॅट्सी वाल्डेस. संग्रहालयात चिकानोंची चित्रं का नाहीत असं गाम्बोआने विचारलं, तेव्हा चिकानो कला करत नाहीत, टोळ्यांत असतात, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. त्या रात्री तिघा पुरुषांनी संग्रहालयाच्या प्रवेशाच्या पुलावर आपापली नावं स्प्रेने लिहिली. टोळीवाले सही करतात ना, घ्या सही! सकाळी वाल्डेसला पुलावर उभी करून गाम्बोआने फोटो काढला. संग्रहालयाने त्याच दिवशी वरून रंग मारला. राहिला तो फोटो. १९७४ मध्ये त्याच संग्रहालयाने 'लॉस फोर' या चिकानो चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन लावलं, आणि २०११ मध्ये आस्कोचंही. तो जुना परिसर २०२० मध्ये पाडून टाकला, तिथे आता नवी इमारत.

मला सिकेरोसची भिंत आठवली. तिला परत यायला ८० वर्षं लागली, या पोरांना ४० पुरली. कॅमेरा जवळ असणं किती उपयोगी!

बुधवार

सकाळी भाचीने गाडी काढली. सॅन फर्नांडो खोऱ्यात, टुहुंगा वॉश नावाच्या पूरवाहिनीच्या काँक्रीटच्या भिंतीवर 'ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस' आहे. नदी म्हणायची, पण तळ-काठ सगळं सिमेंटचं; लष्कराच्या अभियंत्यांनी पुराच्या भीतीने बांधून काढलेली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. कुंपणाच्या जाळीतून पलीकडची भिंत बघत चालायचं. लांबी २,७५४ फूट. म्हणजे चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आरामात पाऊण किलोमीटरहून जास्त.

जूडी बाका ही तिची कर्ती. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात लहानपण गेलेली, पुढे याच यूसीएलएत शिकवणारी. १९७६ ते १९८३ मधल्या उन्हाळ्यांत तिने चारशेहून अधिक पोरापोरींकडून ही भिंत रंगवून घेतली. त्यांतली बरीच मुलं पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकलेली. एकमेकांच्या वस्तीत पाऊल न टाकणाऱ्या गटांतली पोरं एकाच मचाणावर. तिची संस्था 'स्पार्क' व्हेनिसमध्ये ज्या इमारतीत आहे, ती आधी पोलीस ठाणं होती. यावर मी काही शेरा मारायची गरज नाही.

भिंत मॅमथ आणि वाळवंटी प्राण्यांपासून सुरू होते. मग चुमाश लोक, स्पॅनिश पाद्री, सोन्याच्या मागे धावणारे, रेल्वे बांधणारे चिनी. मंदीतली ती हद्दपारी इथेही आहे, रविवारी ज्या चौकात आम्ही उभे होतो तिथलीच. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी अमेरिकन. १९४३ मध्ये ढगळ झूट सूट घातलेल्या मुलांना भर रस्त्यात खलाशांनी झोडून कपडे काढले, तो प्रसंग. आणि पन्नासच्या दशकातली दोन चित्रं, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. एकात महामार्गाचे खांब अजगरासारखे वेटोळे घालत कुटुंबांच्या मधून गेलेत. आई एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यात डॉजर्स संघाचं बेसबॉल मैदान उडत्या तबकडीसारखं आकाशातून चावेझ रविन वस्तीवर उतरतंय, आणि खाली पोलीस एका बाईला उचलून नेताहेत. वस्ती खरोखर उठवली गेली होती. घरकुलं बांधतो म्हणून लोकांना हलवलं, घरकुलं झाली नाहीत, जमीन मैदानाला गेली.

भाची म्हणाली, "मी या महामार्गाने रोज जाते, मामा." मी म्हटलं, सगळेच जातात.

रंग मधे फिका पडला होता, २०११ मध्ये दुरुस्ती झाली. आता पुढची दशकं रंगवायचं काम मेलन प्रतिष्ठानच्या ५० लाख डॉलर्सच्या अनुदानावर चालू आहे. या शहरात भित्तिचित्रांची इतकी ख्याती, पण जाहिरातफलकांच्या कोर्टकज्ज्यात अडकून २००२ पासून २०१३ पर्यंत खासगी इमारतींवर नवीन भित्तिचित्र काढायला बंदीच होती!

येताना सिल्मारला 'तिया चुचा' हे पुस्तकांचं दुकान. लुईस रॉड्रिगेस हा एकेकाळी टोळीत असलेला आणि पुढे लॉस एंजेलिसचा राजकवी झालेला लेखक त्याच्या संस्थापकांपैकी. दोन पुस्तकं घेतली. एक एलेना मारिया विरामोंतेस यांची कादंबरी. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये महामार्ग बांधताना उठलेल्या वस्तीचीच. सकाळच्या अजगराचं उरलेलं पुराण त्यात मिळालं.

गुरुवार

एकटा निघालो. ई मार्गाची मेट्रो आता समुद्रापासून थेट पूर्व लॉस एंजेलिसपर्यंत जाते. वाटेत मारियाची प्लाझाला उतरलो. काळे, चांदीच्या बटणांचे सूट घालून वादक इथे लग्न-बारशाच्या सुपाऱ्या मिळवायला थांबतात. सकाळी दोघेच होते, एकजण वाद्याच्या खोक्यावर डोकं टेकून झोपलेला. दुकानांत साखरेच्या कवट्या आणि झेंडूचे ढीग, मृतांचा दिवस जवळ आला होता. दसऱ्याला आपण दारावर लावतो तो झेंडू मुळात मेक्सिकोचाच. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये हा सण सार्वजनिक केला तो 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स'ने. कॅरन बोकालेरो नावाच्या फ्रान्सिस्कन जोगिणीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही कलाकारांबरोबर एका गॅरेजात स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. चिकानो पोस्टरकलेची अर्धी पिढी तिथे शाईत हात माखून तयार झाली.

शेवटच्या अटलांटिक स्टेशनवरून चालत व्हिटियर बुलेवार्डला आलो. २९ ऑगस्ट १९७० ला या रस्त्यावरून वीस-तीस हजार लोकांचा मोर्चा गेला. व्हिएतनाममध्ये आमची मुलं आमच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त मरताहेत, हे त्यांचं म्हणणं. लगुना पार्कात सभा चालू असताना, जवळच्या दारूच्या दुकानातल्या किरकोळ गडबडीचं निमित्त होऊन शेरीफचे शिपाई घुसले. लाठ्या, अश्रुधूर. दुपारी 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे स्तंभलेखक रुबेन सालासार या रस्त्यावरच्या सिल्व्हर डॉलर बारमध्ये बसले होते. दारातून आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं त्यांच्या डोक्यात लागलं. वय ४२. चौकशी झाली, खटला कुणावर झाला नाही. पुढे पार्काला त्यांचं नाव दिलं, २००८ मध्ये टपाल तिकीटही निघालं.

तो बार आता नाही. मी क्रमांक शोधत फुटपाथवर उभा होतो, तर फळांची गाडी लावलेल्या बाईने हाक मारली. आंबा, कलिंगड, जिकामा. वर मीठ, लाल तिखट, लिंबू. प्लॅस्टिकच्या पेल्यात भरून दिलं. तिला स्पॅनिश येत होतं, मला येत नव्हतं, तिखट जास्त घाल हे हाताने सांगितलं. पार्कात पोचलो तेव्हा पोरं बास्केटबॉल खेळत होती. ऊन मी म्हणत होतं. परतताना बस पकडली.

शुक्रवार

सकाळी पुन्हा हेन्स हॉल, आणि ज्यासाठी आलो होतो ती खोकी. 'ला रासा' हे १९६७ ते १९७७ मधलं नियतकालिक, लिंकन हाइट्समधल्या एका चर्चच्या तळघरात सुरू झालेलं. त्याच्या छायाचित्रकारांची सुमारे २५,००० छायाचित्रं या केंद्रात आहेत. हातमोजे घालून एक काँटॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रिळातले फोटो लहान आकारात छापलेला कागद, घेतली, भिंग लावलं. नखाएवढ्या चौकटींच्या ओळी. एका ओळीत शाळेचं फाटक: पहिल्या चौकटीत बंद, दुसरीत दोन पोरं जाळीवर चढलेली, तिसरीत स्कर्ट सावरत एक मुलगी कठड्यावर एक पाय टाकून, चौथीत ती बाहेर. तिसऱ्या चौकटीभोवती लाल मेणपेन्सिलीची खूण. संपादकाने अंकासाठी तीच निवडली असणार. मीही तीच निवडली असती.

मुंबईत दलित पँथर १९७२ ची, इथली तपकिरी टोप्यांच्या चिकानो तरुणांची ब्राउन बेरेट्स संघटना त्याच्या चार-पाच वर्षं आधीची, आणि दोघांनाही कृष्णवर्णीय पँथरांचं वारं लागलेलं. आपल्याकडच्या त्या मोर्चांच्या निगेटिव्ह कुणाच्या माळ्यावर आहेत? मी नोंदी केल्या त्या छापील अंकांच्या. अंकात न छापलेल्या चोवीस चौकटी आम्ही कधी मागितल्याच नाहीत.

संध्याकाळच्या कार्यक्रमात हीच छायाचित्रं मोठ्या पडद्यावर दाखवत होते. तीस-चाळीस श्रोते, निम्मे सत्तरी ओलांडलेले. एका फोटोखाली मथळा आला, गारफील्ड हायस्कूल, १९६८. मागच्या रांगेतून एक आजीबाई ठसक्यात म्हणाल्या, "हे रूझवेल्ट आहे. मी त्या जिन्यावर चार वर्षं बसलेय." पलीकडच्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. त्याच्या मते गारफील्डच, खिडक्या बघा. दोघांची चांगलीच जुंपली. तिसरा म्हणाला, फलक धरलेल्या पोराला मी ओळखतो, तो कुठल्या शाळेत होता ते विचारून सांगतो. आणि खिशातून फोन काढून त्याने तिथल्या तिथे नंबर लावला. ग्रंथपाल बाई पेन्सिल घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसल्या. फोन वाजत होता, पलीकडून कुणी उचलत नव्हतं. तोवर कुणीतरी तमाले आणि चंपुरादोची भांडी उघडली, आणि भांडण तिकडे सरकलं. मीही ताट घेऊन आजीबाईंच्या बाजूने उभा राहिलो.